जेवण सोडलेली अळी

इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये जनावरांच्या दवाखान्यात मेव्हिस मांजर घेऊन बसली होती. शेजारी एक बरणीवाली आजी आणि कासववाले आजोबा बोलत होते.

“बरणीत काय आणलंत?”

“फ्युशियाच्या फुलझाडावरची अळी. कालपासून पानाला तोंड लावत नाही, नुसत्या येरझाऱ्या घालतेय.”

“बघू. सोंडेसारखं तोंड, मानेवर खोटे डोळे. अहो, ही हत्तीपतंगाची! आजारी कसली, कोश करायला मातीत शिरायची जागा शोधतेय. बागेत सोडा. मे महिन्यात गुलाबी पतंग होऊन येईल.”

“तोवर बाग कुठली? शुक्रवारी वृद्धाश्रमात राहायला चाललेय.”

“तिथे खिडकी आहे?”

“आहे.”

“मग कुंडीत माती भरा, हिला सोडा आणि न्या बरोबर.”

“रोप नसलेली कुंडी? हसतील हो मला सगळे.”

“हसू द्या की मेपर्यंत.”