मुडा बांधायला शिकवला

...आनि वर मला म्हनतो कसा, ‘दाजी, काय बी म्हना, पोरं रमली तुमच्याकडं!’ रमली! आता तुमीच सांगा, ह्या मानसाला हसू का ह्याच्या टाळक्यात घालू? तुमाला सांगतो, मेवना म्हनून गप बसलो, नायतर ह्या धाकलूनं...

ऱ्हाऊ द्या, पयल्यापास्नं सांगतो. ममईत पिलेग सुटला, गिरन्या ओस पडल्या, आनि माझा मेवना गजा बायको नि चार पोरं घेऊन कर्जतला गाडीतनं उतरला, तो थेट आमच्या दारात. आमची गौराबाई भावाला बघून रडली. मी बी रडलो, पोरं मोजून! तवर पाटील आला, लांब पिंपळाखाली उभा ऱ्हाऊन वरडला, ‘धाकलू! सरकारी हुकूम हाय रं! धा दिस घरातलं कुनी भाईर पडायचं नाय!’ धा दिस! वैशाखाचं ऊन, घर बारा हात, आनि आत आठ मान्सं!

पयला दिस पोरं झोपली. दुसऱ्या दिशी थोरला कमळ्या माझ्यापुढं हजर, ‘आतोबा, आता काय करू?’ आमच्याकडं पोरं असं इचारत नायत हो! गावची पोरं आंब्यावर चढतात, गुरांमागं जातात, भूक लागली की घर सापडतं त्यांना. पन भाईर तर जायचं नाय. म्हनलं, या, पत्रावळी लावायला शिकवतो. पळसाची पानं घरात होती, बांबूच्या काड्या काढल्या, बसवली चौघांना. अकरा पत्रावळी झाल्या, बारावीला धाकट्यानं काडी टोचली ती बहिनीच्या, हिरूच्या दंडात. हिरू किंचाळली, तिची आय मला बोलली, का तर काडी मी दिली!

‘आतोबा, आता काय करू?’ मातीचं बैल करा. करा म्हनलं खरं, पन माती आनायची कुठनं? त्यांनी चुलीमागची भिंत खरवडली. सोळा बैल झालं नि भिंतीला भोक पडलं. त्या भोकातनं शेजारच्या जैतूची कोंबडी आत आली, आनि पलीकडनं जैतू बोंबलतोय, ‘परत धाडू नका रं तिला! ती बी आता धा दिस तिकडंच!’

‘आतोबा, आता काय करू?’

मंग मला शानपन सुचलं. पेंढा होता. वेठ वळायला शिकवलं, म्हंजे पेंढ्याची दोरी. आनि मुडा बांधायला शिकवला. तुमाला ठावं नसंल, पेंढ्यात बियान्याचं भात भरून, वेठानं गच्च आवळून, बडवून बडवून गोल करायचा, मंग त्याला ना वारा लागत ना घूस. पेरनीच्या दिशीच नारळ फोडून सोडायचा. माळ्यावर माझं दोन मुडं होतं, बापाच्या वक्तापास्नंचं वान. एकात हळवं, माळाच्या उंचवट्यावर लावायचं, दसऱ्याला कापायचं. दुसऱ्यात गरवं, खालच्या खाचरातलं, त्याला दिवाळी उलटावी लागती. दानं बघाल तर एकासारखा एक! आमाला बी नुस्तं बघून वळखू येत नाय, तवा मुडं येगळं ठेवायचं. पोरांना तुसाचा बारका मुडा बांधून दावला. चांगला जमला. छाती फुगली हो माझी!

सातव्या दिशी दुपारी डोळा लागला. जाग आली तर घर गप. चार पोरं घरात, आनि घर गप? तवाच धावायला पायजे होतं. पन मी म्हनलं, वा, रमली! आनि कूस बदलली.

उठलो तर माजघरात मुडा. हा एवढा थोरला! बाजूला कमळ्या, घामानं निथळतोय, डोळं चमकतायत. ‘आतोबा, माळ्यावर दोन बारकं होतं ना, आमी त्यांचा एक मोठा बांधला!’ आनि तुमाला खोटं नाय सांगत, काय बांधला होता! गोल, टनक, माझ्या बापाला बी असा जमला नसता. मी तिथंच खाली बसलो आनि रडलो, सोळा बैलांच्या मधी!

गजा हसला. ‘आवो दाजी, भात ते भात! आमच्या गिरनीत धा गाठींचा कापूस एकत्र करतो, सूत झकास निघतं!’ गौराबाई म्हनती, ‘लेकरं हायती, रागं भरू नका.’ अगं, पन रोहिनीला पेरू काय? दुसरं बियानं मागायचं तर ममईचं बिऱ्हाड ठेवलेल्या मानसाला कोन उंबऱ्यापाशी उभं करतंय? धा दिस भरल्यावर बी जैतू मला बघून शेत सोडून पळायचा!

दाना दाना निवडायला बसलो. निवडनार काय, कपाळ? शेवटी रोहिनीला तेच पेरलं, वर बी नि खाली बी. पोरं तर पेरनीआधीच, धा दिस भरलं तशी गेली होती, जाताना कमळ्या पायाला झोंबून रडला. त्याच्या पाठीवरनं हात फिरवला. शिकवलं तर मीच होतं.

आनि दसरा आला. एकाच चुडात, म्हंजे एका जागी लावलेल्या रोपांत, अर्ध्या लोंब्या पिवळ्या, अर्ध्या हिरव्या. थांबावं तर पिकलेलं झडतंय, कापावं तर हिरवं पोचट. अर्धं वरीस नाचनीवर काढायचं, दुसरं काय! इळा हातात घिऊन नुस्ता बांधावर उभा होतो. तवा जैतू आला. पिलेगचं भ्या गेलं होतं, चांगला खेटून उभा ऱ्हायला. एक लोंबी तोडून तळव्यावर चोळली. म्हनला, ‘धाकलूदादा, असलं भात जल्मात नाय बघितलं. कुठली जात म्हनायची ही?’

म्हनलं, ‘ममईची. दोनाचं एक करत्यात तिकडं.’

तर म्हनतो, ‘पुढच्या साली मला बी पायलीभर दे!’