जे हललं नाही ते

रुपचंद : बसा अक्का. सीडी परत पहिल्यापासून लावतो.

लताबाई : नको भाऊ, तीनदा दखं मी. कानबाई दिखस. तिना नारळ, नथ, चौरंगनी वेल बी दिखस. मना पोऱ्या कोठे शे?

रुपचंद : हा काय भटू, देवीच्या पुढे. पिवळा शर्ट.

लताबाई : त्या तं पिवळा चौकटा शेतस. तोंड कोठे शे?

रुपचंद : शहाण्णवची तुमची कॅसेट दोन तासांची. एका सीडीत सव्वा तास नीट बसतो. जास्त बसवायचं तर बिटरेट उतरवून, म्हणजे दर सेकंदाला जागा कमी देऊन, चित्र दाबावं लागतं. मग जे हललं नाही ते कॉम्प्युटर मागच्या चित्रातून तसंच उचलतो. भिंत, चौरंग, देवी. हलतं ते दरवेळी नव्यानं लिहायचं, आणि तिथंच जागा पुरत नाही.

लताबाई : तुना कॉम्प्युटरले नाचनारं मानूस आवडस नही का?

रुपचंद : त्यात गुलाल, अक्का. कणन् कण हलतो.

लताबाई : मंग दोन सीड्या कर ना भाऊ.

रुपचंद : कॅसेट दिलीत त्या दिवशी मी तेच म्हणत होतो.

लताबाई : हा. मीच सांगं. कानबाई अर्धी आठे, अर्धी तठे नको, खंडित व्हस. एकाम्हाच बसाड.

रुपचंद : तुमचा नेम. मी कसा मोडणार?

लताबाई : आते मोड. मी देवीनी माफी मांगसू. एक सोमवार जास्तीना धरसू.

रुपचंद : कशावरून करू? फितीला बुरशी होती. शेवटी मशीनमध्ये चिकटली, तुकडे झाले. डबीत ठेवलेत, बघा. आणि कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवणारं आमचं कार्ड चित्र दाबूनच आत घेतं, अख्खं कुठं राहतच नाही. बिटरेट आता कितीही चढवला तरी टाकलेलं परत येत नाही. धुळ्याच्या दोस्तालाही विचारलं.

लताबाई : भटू जाईसन दोन वरीस व्हयनात. घरम्हा त्याना एक फोटू नही. दोन तासम्हा तो घडीभर बी उभा ऱ्हायना नही का?

रुपचंद : सगळं थांबवून थांबवून पाहिलं. नदीवर सगळे हात जोडून उभे आहेत, चेहरे स्वच्छ आलेत. त्यात भटू नाही.

लताबाई : तो पाणीम्हा उतरना व्हता. देवीले सोडाले.

रुपचंद : हो. पाठ दिसते.

लताबाई : धाकलपनपाशी असाच. जेवाले बी एक जागे बसे नही.

रुपचंद : अक्का, सीडीचे पैसे राहू द्या.

लताबाई : एकच डाव गपचूप पडना व्हता, दवाखानाम्हा. तवय कोन्ही शूटिंग करं नही.