पाणी कुठे जातंय?

आणि वर घरातले मलाच विचारतात, कपाटाचं दार कुठे गेलं म्हणून! अहो, न्हाणीघरात आहे. विटांवर आडवं. त्यावर मोटारीत पायाखाली घालतात ते काळं रेघारेघांचं रबर चिकटवलंय, डोक्याशी भोकं पाडलेला पाइप नळाला जोडलाय... तुम्हाला सांगतो, जन्मात मी इतकी सुबक वस्तू केली नव्हती. आणि आता तिच्याकडे बघवत नाही.

झालं काय, आमचे बाबा सोनार. दुकान कधीच बंद झालं, मग डोळेही गेले, राहिला एक डबा. त्यात कामाच्या पाटाखालचा केर. कानशीचा कीस, धूळ, जळक्या चिंध्यांची राख. पूर्वी असला केर धुऊन सोनं काढणारे झारेकरी दारावर यायचे, त्यांना बाकी सगळा केर मिळाला, हा डबा नाही. कारण हा आईचा! जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांचे दागिने घडवले आणि घरच्या बाईचं बोट मोकळं. "यातून निघेल त्याची तुला अंगठी," असं बाबा लग्नापासून सांगत आलेत, आणि आई म्हणते, "होईल हो, घाई काय आहे." घाई नाही, घाई नाही म्हणता दोघं ऐंशीला टेकली.

आता मी पडलो ऑफिसातला माणूस, कानस धरली ती फक्त नखांसाठी. पण मोबाइलवर एक टोपीवाला भेटला. "सोप्पं आहे मित्रांनो, उतारावर पाण्याचा पातळ पडदा सोडायचा, हलकं ते वाहून जातं, जड ते मागे राहतं!" म्हटलं, सोनं जड, मी हुशार, अडलंय कुठे?

अडलं उतारावर. एका बाजूला पाचर सारली की पाणी दुसऱ्या बाजूला पळायचं, तिकडे पुठ्ठा घातला की मधोमध नाला. या सगळ्यात घरातल्यांच्या आंघोळी स्वयंपाकघरात, तांब्यातांब्याने. बायको म्हणाली, "सोनं निघो न निघो, माझी फरशी ओली झाली तर बघा." म्हणून मी दाराच्या खालच्या टोकाला पन्हळ लावली, पन्हळीला नळी, आणि नळी थेट मोरीच्या भोकात. थेंब बाहेर नाही!

बाबा उंबऱ्याशी खुर्ची टाकून ऐकत बसलेले. पाण्याचा आवाज आला तशी मान वर केली.

"पाणी कुठे जातंय?"

म्हटलं, मोरीत, बाबा. फरशी कोरडी ठणठणीत.

"हं," म्हणाले.

थोड्या वेळाने पुन्हा. "पाणी कुठे जातंय?" मला वाटलं, म्हातारं माणूस, पाणी वाया जातं म्हणून जीव तुटतोय. म्हटलं, बाबा, तुम्ही पाण्याची काळजी करू नका, नळाला पाणी भरपूर आहे. मग ते उठले. चाचपडत आईचं कपडे भिजवायचं घमेलं शोधलं आणि पायाने माझ्याकडे सरकवलं. आणि मी काय केलं, ऐका. मी ते उचललं आणि परत कोपऱ्यात ठेवलं. म्हटलं, बाबा, अडखळाल ना! काय प्रेमळ मुलगा, नाही का? ते चाचपडत पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

मग मी डबा सोडला. चमचा-चमचा करत अख्खा! काळं पाणी सुळसुळत खाली, मोरी गटगट पितेय, मी नळीवर हात ठेवून उभा, पाहुण्याला वाट दाखवावी तसा. शेवटी रबराच्या रेघांत उरली काळी रेती, लोखंडाचा चुरा आणि... पिवळं! पिवळे कण! मी इतका ओरडलो की आई हातातलं काम टाकून आली, हात पदराला पुसत.

बाबांनी चिमटीत घेतलं, बोटावर चोळलं, वास घेतला.

"पितळ."

आणि मग हळूच सांगायला लागले, जणू चूक त्यांचीच. सोनं जड खरं, पण कानशीने पीठ झालेलं, त्यावर वर्षानुवर्षांच्या हाताचं तेल, ते बुडत नाही, तरंगतं, पहिल्या पाण्याबरोबर निघून जातं. जाणारच. म्हणून खाली घमेलं असतं. साबणाचा थेंब टाकून तेच पाणी पुन्हा धुवायचं, पुन्हा धुवायचं. सोनाराच्या घरात काम केलेलं पाणी कुणी फेकत नाही.

म्हटलं, अहो बाबा, मग सांगायचंत ना!

"विचारत होतो की रे," म्हणाले.

तुम्हाला सांगतो, मी उलट एवढंच विचारायला हवं होतं, कुठे जायला हवं, बाबा? जीभ झिजली असती का? पण टोपीवाल्याचं ऐकायला मला वेळ होता.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आणला. त्याने जाळी काढली, पाइप उघडला, बॅटरी मारून पाहिलं. म्हणाला, "वा! ज्याने हा पाइप टाकला, त्याला मानलं पाहिजे. उतार असा काढलाय, कणसुद्धा अडकत नाही." मी हयातीत जो उतार काढू शकलो नाही, तो माझ्या मोरीला जन्मजात होता!

बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. मला वाटलं, आता आई बोलेल, निदान रडेल. बोलली असती तर बरं झालं असतं हो. तिने आपलं मोकळं बोट दुसऱ्या हाताने जरा चोळलं, खाली बघितलं आणि बाबांना म्हणाली, "जाऊ द्या. पोरानं फरशी कोरडी ठेवली, तेवढं तरी म्हणा."