पटाशीची मूठ

भोरच्या स्टँडवर विंझरच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर मायलेकी मोबाईलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या.

"अम्मी, आज कॉम्प्युटरच्या क्लासमधे अब्बांच्या पटाशीची मूठ काढली. बघ."

"ती कुठनं सापडली तुला? ते गेल्यावर चाचांनी नवी मूठ बसवली. जुनी ढलप्यांत पडली, अन् म्याच ढलप्यांबरोबर चुलीत घातली."

"म्हणून तर आठवून काढली. आधी अर्ध्या मुठीची नुसती कड काढायची. मग ती मधल्या रेषेभोवती गोल फिरवायची. अख्खी भरीव मूठ उभी राहते."

"लई गुळगुळीत झालीय गं. त्यांची अशी कुठं व्हती? अंगठ्याखाली झिजून खळगा पडला व्हता."

"तेच तुला विचारायचं व्हतं. मुठीत एक गोळा बसवून तेवढा भाग वजा केला, की खळगा पडतो. किती खोल घेऊ?"

"माझ्या करंगळीचं नख बुडंल एवढा."

"तू कधी मापलास?"

"जेवायला बोलवायला गेले, की त्यांच्या हातातनं पटाशी काढून घ्यायची मी. मूठ गरम असायची."

"...हा बघ. एवढा?"

"जरा पात्याकडं सरकव. अजून. हां, हितंच."

"अम्मी, गाडी लागली. चल."

"लागू दे. सबिहा, मी खळग्यावर अंगठा ठेवायला गेले की फिरतंय गं हे चित्र. जरा धरून ठेव की."