लाईट आली की तो आला

तर झोप कशी लागणार, तुम्हीच सांगा! डोळा मिटला की तो चौकोन दिसायचा, शेजारी पोरगी गाढ झोपलेली, आणि माझ्या डोक्यात एकच किडा… माझ्या लेकराकडं रोज बघतंय कोण?

तुम्हाला सांगते, मी ब्लॉग लिहीत होते. आमच्या चौसाळ्यात तेव्हा ब्लॉग म्हटलं की लोक विचारायचे, किती महिन्यांचा कोर्स आहे? म्हणून सांगणंच सोडलं. दुकानाच्या हिशोबाला ह्यांनी कॉम्प्युटर घेतला, हिशोब राहिला वहीत, आणि तो डबा आला घरी. बी.ए. झालेली बाई, रिकामी किती बसणार? पोरगी साडेतीन वर्षांची, अपेक्षा, तोंड म्हणजे लाह्यांची कढई, ती काही बोलली की मी धावत जाऊन लिहायची. नाव ठेवलं होतं 'अपू म्हणाली'. पानाच्या खाली एक चौकोन होता, कोण किती वाजता येऊन गेलं ते त्यात दिसायचं. तिथंच भानगड झाली. वाचणारा एकच! नाव नाही, गाव नाही, 'छान लिहिलंय' म्हणायची रीत नाही… यायचा, पोरीचा फोटो बघायचा, जायचा.

आता तुम्ही म्हणाल, एक तर एक, वाचतोय ना? अहो, पण वेळा बघा की! आमची लाईट सकाळी जायची त्या आठवड्यात तो दुपारी यायचा. लोडशेडिंगची पाळी बदलून दुपारी जायला लागली, तर हा सकाळी. मग डीपी, म्हणजे आमच्या आळीचा ट्रान्सफॉर्मर, जळाला, आमच्याकडं अंधार, तर तोही गायब. नवा डीपी बसला आणि लाईट आली की तो आला! म्हणजे अमेरिकेत नाही, पुण्यात नाही, आमच्याच डीपीखाली कुठंतरी बसलेला…

ह्यांना सांगितलं, तर दुकानदारच शेवटी, म्हणाले, रोजचं गिऱ्हाईक आहे, टिकव.

मग मी गावात ज्याच्या-त्याच्या डोळ्यांत बघत फिरायला लागले. पिठाच्या चक्कीवरचा आश्रुबा पोरगी बोलायला लागल्यापासून विचारतोय, "काय म्हनती अपू?" त्या दिवशी विचारलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. दळण तिथंच टाकून घरी आले. भाकरी कशाच्या करायच्या हा विचार घरी आल्यावर.

शेवटी सासूबाईंना सांगितलं, हे म्हणजे चूकच केली. त्या लगेच मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेऊन हजर. पण दृष्ट काढताना कुणाची ते म्हणावं लागतं ना! कुणाची म्हणू, मला विचारतात. मी म्हटलं, नावच नाही त्याला. "बिननावाचं लई वंगाळ आसतंय गं," म्हणाल्या, आणि 'आल्यागेल्याची, लाईटीसंगं येनाऱ्याची' असं म्हणून उतरवली. मिरच्या चुलीत टाकल्या, आणि काय सांगू… ठसकाच नाही. कुणालाच नाही! ठसका नाही म्हणजे नजर लागलेली, हे मी मानत नाही. शिकलेली आहे मी. तरी जरा खोकून बघितलं, मुद्दाम.

मग त्यांनी बोटावर काजळ घेतलं आणि फोटोतल्या अपूच्या गालाला, म्हणजे काचेला, तीट लावली. पान खाली सरकवलं, पोरगी वर निघून गेली, तीट तिथंच. पुसायची माझी हिंमत नाही. तेव्हापासून जे वाचीन त्याला तीट. बातमीला तीट, शेवग्याच्या आमटीला तीट.

आणि त्याच दिवसांत पोरगी माझ्याशी बोलेनाशी झाली. बाकी सगळ्यांशी बोलायची हो! आजीशी बोलायची, शेळीशी बोलायची, मी दाराआडून ऐकायची. मी आत पाऊल टाकलं की गप्प. भूक लागली तर बोटानं ताट दाखवायची. आणि ओठ मिटून माझ्याकडं बघत राहायची…

घाबरून पुण्याला धाकट्या भावाला, बसूला, फोन लावला. तो तिकडं कॉम्प्युटरचंच शिकतो. सगळं ऐकून घेतलं त्यानं, आणि हळूच विचारलं, "ताई, लाईट आली की तू पहिलं काय करतीस?"

म्हटलं, ब्लॉग उघडते की, तो आलाय का बघायला.

"मग तो चौकोन तुलाच मोजतोय. तो म्हणजे तूच."

मेला हसत सुटला. सासूबाई शेजारीच कान लावून होत्या, त्या मात्र हसल्या नाहीत. पदर सावरत म्हणाल्या, "तरीच. आईचीच दृष्ट लई लागती लेकराला."

तेवढ्यानं झोप यायला हवी होती ना? उलट उडाली. कारण मी तरी काय करत होते? लाईट आली की मी पण कुणाकुणाच्या घरी, म्हणजे त्यांच्या ब्लॉगवर! कुठल्या परदेशातल्या बाईच्या पोराचा दात हलतोय हे मला ठाऊक, रोज जाऊन बघून यायची, एक शब्द न बोलता. आणि माझ्या पोरीची चप्पल आखूड झालेली मला सासूबाईंनी दाखवली. म्हणजे ती बाई पण तिकडं जागीच असेल का हो… 'तो आला' म्हणून?

ठरवलं, बंद. लिहिणं बंद, वाचत भटकणं बंद. एका संध्याकाळी बसले. नक्की काढून टाकायचं का, कॉम्प्युटरनं विचारलं. दाबलं. सगळं पान पांढरंफटक, मधोमध तेवढी तीट. आणि लाईट गेली.

काळ्या काचेत एक बाई बसलेली. मीच ती, कळतंय मला… पण मी हलले, आणि ती जराशी उशिरा हलली असं वाटलं. तेवढ्यात अपू अंधारातनं आली, मांडीवर बसली, आणि इतक्या दिवसांनी बोलली. "गेली का ती?"

कोण गं, म्हटलं.

"काचेतली. तुझीच साडी नेसती. तिला काय सांगितलं की ती सगळ्यांना सांगती. म्हणून मी बोलतच नव्हते."

माझे डोळे भरून आले, आणि खोटं कशाला बोलू, बोटं वळवळली. असलं वाक्य, आणि लिहायला जागा नाही! पण पोरीला घट्ट धरलं आणि शपथ घेतली, अपू, गळ्याशप्पथ, ह्यातलं एक अक्षर मी आता कुणाला सांगणार नाही.

ती माझ्या खांद्यावरनं मागं बघत होती. अंधारात… आत्ता तुम्ही बसलाय ना, साधारण तिकडंच. बोट दाखवून म्हणाली,

"मग हे कोण ऐकत बसलेत?"