तिनं जाळी फोनातल्या लोकायले मांगितली

माहं गाव आलापल्लीच्या अलीकडं, सागाच्या जंगलात, तीस-पस्तीस घरं, अन् शाळा मी दुसरीपर्यंत शिकलो, नाव लिहिता येते, बाकी काई नाई. थोडं धानाचं शेत अन् मोहाची तीन झाडं, बापाच्या वाट्याची. मोहाचं काय सांगू तुमाले भाऊ, चैतात पहाटेपासून फुलं पडतात, ते येचाचे, वाळवाचे, वर्सभर पुरते. खाली पाला राह्यला त फुल दिसत नाई, म्हणून आमचे लोक पाल्याले आग लावतात. माहा बाप लावे, मी बी लावो. माह्या बाईले ते पटे नाई. ती खराट्यानं झाडे. म्हणे तुमची आग जंगलात जाते, रोपटे जळतात, मंग नवं झाड यावं कुठून. मी म्हणो मंग खराटा तूच मार, कंबर तुही हाय. असाच बोलो मी तिले, खोटं काऊन सांगू.

मागच्या पावसाळ्यात तिले ताप आला अन् आठव्या दिवशी गेली. सोमी. जित्तेपणी मी तिचं नाव कधी घेतलं नाई, आता घेतो. घरात तिचा एक बी फोटो नाई. आधार कार्डावर हाय, तो तिच्यासारखा दिसत नाई.

आमच्यात नवा मोह पेनाले, म्हंजे देवाले अन् घरच्या मेलेल्यायले, दाखवल्याबिगर कोणी तोंडात घेत नाई. यंदा मेलेल्यायत तिचं नाव पहिल्यांदा घ्याचं होतं. सकाळी झाडाखाली पाला गोळा केला, खिशातून माचिस काढली, अन् गाडी आली. चंद्रपूरचे तिघं, दोन बाया अन् एक माणूस, संगं मोहाचं काम करणाऱ्या संस्थेची नवी पोरगी. हसत हसत आले. त्यातली चष्म्याची बाई म्हणे, सोमीबाई कुठं आहेत, आम्ही त्यांनाच भेटायला आलो.

माचिस हातातच राह्यली. म्या म्हणलं कोणती सोमीबाई. ती म्हणे व्हिडिओतल्या, अन् माह्याकडं पाहून हसली, तुम्हीच ते आग लावणारे बाबा ना.

मले काईच समजलं नाई. मंग पोरीनं फोन समोर धरला. भाऊ, ती बोलून राह्यली होती. याच झाडाखाली, हिरवं लुगडं, हातात खराटा. दोन वर्सांआधी संस्थेचं कोणी येऊन काढून गेलतं, मी त्या दिवशी बजारात, मले पत्ताच नाई. मी तिथंच खाली बसलो. अन् ती बोलतेच हाय. म्हणे माहा बुढा आयकत नाई, मी पाणी आणाले गेली का चोरून आग लावते. अन् हसली. मंग म्हणे एक हिरवी जाळी भेटली त झाडाखाली बांधता येते, फुल जाळीतच पडते, ना आग लावाचं काम ना झाडाचं, माही कंबर बी वाचते. चाळीस वर्सं माह्या संगं राह्यली, मले कधी जाळी मांगितली नाई. फोनातल्या लोकायले मांगितली.

म्या सांगितलं, ती मेली. सरळच सांगितलं.

सगळ्यायचं हसणं बंद. पोरगी रडाले लागली, म्हणे बाबा मी नवीन आहे, मोहाचा हंगाम आला म्हणून जुना व्हिडिओ पुन्हा टाकला, विचारलं नाही कोणाला. म्या म्हणलं इचाराचं होतं. बाईले हजार लोकायसमोर बोलाले लावता, अन् ती जित्ती हाय का मेली ते पाहत नाई. ती म्हणे काढून टाकते, आत्ताच काढते. बोट लावलंच होतं तिनं. म्या म्हणलं थांब.

काढलं असतं त ती पुन्हा गेली असती. म्हणलं, आणखीन एकदा दाखव.

मंग पोरीनं खाली लोकायनं लिहिलेलं वाचलं. कुठकुठची माणसं, नागपूरची, पुण्याची, एक त भंडाऱ्याच्या जंगलातली. ती लिहिते, सोमीबाई, तुमचं पाहून आमच्या गावानं यंदा आग लावली नाई. कोणी इचारते, कंबर कशी हाय. अन् लय जणायनं एकच इचारलं, बाईचा बुढा सुधरला का. त्यायनंच पैसे जमवून जाळी घेतली, या तिघायनं ती गाडीत आणली होती. अन् माह्या मुठीत माचिस.

माचिस म्या पोरीजवळ देऊन टाकली. काठ्या गाडल्या, चष्म्याच्या बाईनं चपला काढून एक कोपरा धरला, दोराची गाठ काई तिले जमे नाई, म्या म्हणलं बाई, हे काय वेणी हाय का. तेव्हा थोडी हसली ती.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाळीत फुलं. पहिली ओंजळ पेनाले वाह्यली, सोमीचं नाव घेतलं.

आता पोरगी दर मंगळवारी येते अन् लोकायचं वाचून दाखवते. अजून नवं कोणी लिहिते, सोमीबाई कशा आहेत. पोरीले म्या सांगून ठेवलं, दरवेळी उत्तर लिही. ती गेली, जाळी बांधली, बुढा सुधरला. उशिरा सुधरला, ते बी लिही.

जाळी देणाऱ्यायचं भलं होवो. तुमी घ्या भाऊ, मोह घ्या थोडा. सोमीले दाखवून झाला हाय.