मोहितोचा पुदिना

आमच्या ब्रिस्टलच्या घरी क्यूबन पार्टी कशी झाली, ते सांगितलंय का तुम्हाला? ऑफिसातली मारिसोल मूळची हवानाची. इथल्या पबमधल्या गोडमिट्ट मोहितोला ती नाक मुरडते, म्हणून मी सगळ्यांसमोर छाती ठोकून म्हणाले, "शनिवारी घरी ये. खरा मोहितो मी पाजते." रम, लिंबं, सोडा आणि पुदिन्याच्या सहा जुड्या आणल्या.

शनिवारी संध्याकाळी फ्रीज उघडला, तर पुदिना गायब. महिन्याभरासाठी पुण्याहून आलेली आई शांतपणे म्हणाली, "सुकत चालला होता गं. चटणी वाटून टाकली."

"आई, तो मोहितोत घालायचा होता!"

"दारूत? मग सत्कारणी लागला म्हणायचा."

तेवढ्यात बेल वाजली. मी दारातच मारिसोलला रडवेल्या आवाजात सगळं सांगून टाकलं. ती हसली. "मध आहे?" रम, मध, लिंबू आणि पाणी ढवळून तिने माझ्या हातात ग्लास दिला. "कांचांचारा. स्वातंत्र्याच्या लढाईत आमचे सैनिक हेच प्यायचे, म्हणतात."

मी भारावले. एक घोट घेऊन क्रांतीवर बोलायला तोंड उघडलं, तर समोर मारिसोल नव्हतीच. ती ओट्यापाशी आईच्या शेजारी उभी राहून ब्रेडला चटणी लावत होती.

ती निघताना मी विचारलं, "मग पुढच्या शनिवारी खरा मोहितो?"

"चालेल," चटणीचा डबा बॅगेत ठेवत ती म्हणाली, "पण आधी आईंना हवा तेवढा पुदिना घेऊ दे."